कच्चें लिंबू आणि गोल्फचा खेळ

रविवारीं दिवेलागणी झाली, कीं आमच्या जालन्याच्या घरांतील सर्व मंडळी माजघरांत एकत्र येतात. पूर्वीं ही वेळ केवळ शुभंकरोतीची असे. अलीकडे तिच्या जोडीला विलायतेहून येणारा फोनही असतो. थोरल्या बंधूंचा मुलगा नोकरीच्या निमित्तानें लिव्हरपूलच्या बाजूस राहतो आणि तो न चुकतां त्याच वेळीं फोन करतो. गेल्या वर्षीं अशाच एका रविवारीं तो मोठ्या उत्साहानें म्हणाला, "आजी, काल मला ३४ गुण मिळाले!" मातोश्रींस वाटलें, नातवानें पुन्हां एखादी परीक्षा दिली असावी. त्यांनीं सहजच विचारलें, "कितींपैकीं रे?" पलीकडून मोठ्यानें हंसणें ऐकूं आलें. "अग आजी, परीक्षा नव्हे. गोल्फ!"

गुणांपेक्षां त्या हंसण्याचेंच आम्हां सर्वांस अधिक अप्रूप वाटलें. त्यापूर्वीचे आठ महिने त्याचा आवाज कोरडा येत असे. जेवलों, झोंपलों, कामावर जाऊन आलों, थंडी फार आहे, एवढेंच तो सांगे. परक्या देशांत एकट्या राहणाऱ्या मुलाचें एकटेपण त्याच्या शब्दांत सांपडत नाहीं. पण आजीला तें आवाजांत सांपडतें. तो आवाज ज्या खेळानें मोकळा केला, तो खेळ आहे तरी कसा, हें जाणण्याची इच्छा घरांतील लहानथोरांस झाली आणि पुढचे अनेक रविवार त्याच चर्चेंत गेले. त्या चर्चेंतून व थोड्याफार वाचनांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

गोल्फ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चित्रपटांतील एखादा धनाढ्य गृहस्थ उभा राहतो: अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रें, समोर हिरवेंगार मैदान आणि मागें पिशवी वाहणारा पोऱ्या. मुळांत मात्र हा खेळ आपल्या गोट्यांच्या खेळाइतकाच साधा आहे. गोट्यांत जशी गल, तसा येथें जमिनींत एक लहानसा खळगा असतो. काठीनें चेंडू मारीत मारीत त्यांत नेऊन टाकावयाचा. फरक इतकाच, कीं हा खळगा अवघा सव्वाचार इंच रुंदीचा असतो आणि तो कधीं दीडशें, तर कधीं पांचशें यार्ड दूर असतो. असे अठरा खळगे एकामागून एक घेतले म्हणजे एक फेरी पुरी होते. तिला चार तास लागतात आणि तेवढ्यांत अडीच-तीन कोसांचें चालणें सहज घडतें. प्रत्येक खळग्यास तरबेज खेळाडूनें किती फटके घ्यावे, हें अगोदरच ठरलेलें असतें. कोठें तीन, कोठें चार, कोठें पांच. अठरांचे मिळून बहुधा ७२. ज्याचे फटके कमी, तो जिंकला.

खेळ स्कॉटलंडचा. तेथील लोक त्याच्या इतके नादीं लागले होते, कीं धनुर्विद्येचा सराव मागें पडतो म्हणून १४५७ सालीं पार्लमेंटास फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घालावी लागली. सेंट अँड्र्यूज येथें पूर्वीं फेरी बावीस खळग्यांची होती. ती १७६४ सालीं अठरांची झाली आणि तोच आंकडा पुढें जगानें मान्य केला. इंग्रजांबरोबर खेळ आपल्या देशांत आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा असून ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब होय. मुंबईस १८४२ सालीं क्लब निघाला. पुढें ज्या ज्या ठिकाणीं लष्कराच्या छावण्या व थंड हवेचीं ठिकाणें वसलीं, त्यांपैकीं अनेक ठिकाणीं गोल्फचीं मैदानेंही झालीं.

आमचें जालनें हेंही एके काळीं छावणीचें गांव होतें. हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी येथें असत. ती फौज १९०३ सालीं हिंदी लष्करांत विलीन झाली आणि छावणीचे ते दिवस सरले. साहेबांचे खेळ पुष्कळ गांवांत साहेबांबरोबरच गेले. नाशकास तर खेळ गेला आणि नांव मात्र मागें राहिलें. तेथील 'गोल्फ क्लब मैदाना'वर आज रणजी करंडकाचे क्रिकेटचे सामने होतात आणि त्यास अधिकृत नांव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडणारे कान्हेरे हे औरंगाबादेस शिकत होते, म्हणजे एका परीनें आमच्या मराठवाड्याचेच विद्यार्थी. राज्यकर्त्यांच्या करमणुकीच्या मैदानास त्यांच्याच राज्याविरुद्ध उठलेल्या तरुणाचें नांव मिळावें, यांत काळाचा मोठा न्याय दिसतो.

आतां चिरंजीवांच्या शनिवारांकडे वळूं. तो ज्या मंडळींत खेळतो, त्यांचें स्वतःचें मैदान नाहीं, इमारत नाहीं, शिपाई नाहीं. बत्तीस-पस्तीस हौशी माणसें, एक चिटणीस आणि एक वही, एवढाच त्यांचा संसार. सार्वजनिक मैदानावर शनिवारीं सकाळची वेळ ठरवून घेतात, प्रत्येकीं थोडी वर्गणी जमा करतात आणि चार-चारांच्या टोळ्या करून खेळतात. खेळ संपल्यावर चहा, त्यानंतर निकाल. पहिल्या आलेल्यास एक चषक; तोही आठवड्यापुरता, पुढच्या शनिवारीं परत आणावयाचा. सर्वांत शेवटीं आलेल्यास लांकडी पळी! ही पळी आमच्या पुतण्यानें लागोपाठ तीन शनिवार घरीं नेली. पहिल्या स्पर्धेंत त्याचे गुण होते ११.

"मग तुला तें लोक खेळांत घेतात कशाला?" असें आमच्या घरांतील दहा वर्षांच्या कन्येनें विचारलें, आणि स्वतःच उत्तर दिलें, "दादा तिथें कच्चें लिंबू असेल!"

कच्चें लिंबू म्हणजे काय, हें मराठी घरांत कोणास सांगावयास नको. मोठीं मुलें लपंडाव खेळूं लागलीं कीं धाकटें भावंड रडत येतें. त्यास घेतल्यावांचून आई खेळूं देत नाहीं आणि घेतलें तर डाव मोडतो. तेव्हां त्यास कच्चें लिंबू करतात. तें धांवतें, लपतें, ओरडतें. मात्र तें सांपडलें तरी त्यावर राज्य येत नाहीं. यांत माया आहे, सोयही आहे. पण एक उणीवही आहे. कच्चें लिंबू खेळांत असतें, हिशेबांत नसतें. तें कधीं हरत नाहीं, म्हणूनच तें कधीं जिंकतही नाहीं. आणि ज्या दिवशीं हें त्याच्या ध्यानांत येतें, त्या दिवशीं तें पुन्हां रडत आईकडे जातें.

गोल्फवाल्यांनीं याच प्रश्नाचें दुसरें उत्तर शोधून काढलें. त्यास ते 'हँडिकॅप' म्हणतात; आपण सवलत म्हणूं. प्रत्येक खेळाडूच्या मागील फेऱ्या वहींत नोंदलेल्या असतात. २०२० सालापासून जगभर लागू होऊं लागलेल्या नियमाप्रमाणें शेवटच्या वीस फेऱ्यांपैकीं उत्तम आठ निवडतात, मैदान किती अवघड होतें तें लक्षांत घेतात आणि त्यांच्या सरासरीवरून सवलतीचे फटके ठरवितात. यांतली खुबी अशी, कीं येथें मनुष्याचा नेहमींचा खेळ मोजला जात नाहीं, तर त्याच्या बऱ्या दिवसाचा खेळ मोजला जातो. म्हणून आळसानें खेळून कोणी जिंकत नाहीं. ज्याला त्याला स्वतःच्या उत्तम दिवसापर्यंत चढावें लागतें.

आमच्या पुतण्यास २८ फटक्यांची सवलत आहे. अठरा खळग्यांस एक एक, आणि उरलेले दहा सर्वांत अवघड अशा दहा खळग्यांस आणखी एक एक. त्याच्या टोळींतील एका तरबेज खेळाडूस केवळ चारच फटके आहेत. समजा, एका अवघड खळग्यास ठरीव फटके चार आहेत. तरबेज गृहस्थानें पांचांत चेंडू घातला. एक सवलतीचा वजा जातां चार झाले. आमच्या मुलानें सहांत घातला. दोन वजा जातां त्याचेही चारच. दोघांसही दोन-दोन गुण. येथें लहान भाऊ डावांत आहे, हिशेबांतही आहे, आणि त्याचा दिवस असेल तर चषकही त्याचाच.

हे 'गुण' कोठून आले, त्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वीं अठरा खळग्यांचे फटके नुसते बेरीज करीत. त्यामुळें दुसऱ्या-तिसऱ्या खळग्यावरच एखाद्याचे दहा-बारा फटके गेले, कीं त्याची सकाळ तेथेंच संपे. पुढें तो मन मोडून खेळे, किंवा घरीं निघून जाई. फ्रँक स्टेबलफर्ड नांवाच्या एका इंग्रज शस्त्रवैद्यास ही गोष्ट खटकली. त्यानें अशी रीति बसविली, कीं सवलत वजा करून ठरीव फटक्यांत खळगा साधला तर दोन गुण, एक फटका अधिक लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. आणि दोन किंवा त्याहून अधिक जास्त लागले तर शून्य. शून्याच्या खालीं कोणी जात नाहीं. चेंडू झुडुपांत जावो वा तळ्यांत, नुकसान त्या एका खळग्यापुरतेंच. चेंडू उचलून खिशांत घालावा आणि पुढच्या खळग्याकडे नव्या मनानें चालूं लागावें. या पद्धतीची स्पर्धा १६ मे १९३२ रोजीं वॉलसी येथें झाली, आणि तें गांव लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे आहे. या पद्धतींत ३६ गुण म्हणजे आपल्या सवलतीबरहुकूम खेळ झाला असें समजतात. तेव्हां आमच्या चिरंजीवांचे ३४ हे कांहीं थोडे नव्हते! मातोश्रींस हें समजावून सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "झाली चूक, उचलला चेंडू, पुढें चाललें. वैद्य शहाणा दिसतो."

पंचाविषयींची शंकाही मुलांनींच काढली. मैदान एवढें अफाट, टोळ्या विखुरलेल्या. मग फटके मोजतो कोण? आपला कागद आपल्या सोबत्यानें भरावयाचा व खेळाच्या अखेरीस दोघांनीं सह्या करावयाच्या, अशी रीति आहे. परंतु दाट गवतांत, सर्वांकडे पाठ असतांना, काठीच्या धक्क्यानें चेंडू जरासा हलला, तर तें ज्याचें त्यालाच ठाऊक. १९२५ सालीं अमेरिकेच्या खुल्या अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत बॉबी जोन्स या विख्यात हौशी खेळाडूचा चेंडू असाच हलला. तें दुसऱ्या कोणीं पाहिलें नव्हतें. अधिकाऱ्यांनींही तो भाग त्याच्याच निर्णयावर सोंपविला. त्यानें स्वतःवर एक फटका लावून घेतला. अखेर तो बरोबरींत आला आणि पुन्हां झालेल्या खेळांत एका फटक्यानें हरला. लोक त्याची वाहवा करूं लागले तेव्हां तो वैतागला. चोरी केली नाहीं म्हणून कोणी कोणाचा सत्कार करतो काय, अशा अर्थाचें त्याचें उत्तर होतें. शनिवारच्या लहान स्पर्धेंतही हाच धर्म पाळावा लागतो. सवलत वाढावी म्हणून मुद्दाम वाईट खेळणारे तेथेंही निघतात; त्यावर त्या मंडळीचा साधा तोडगा असा, कीं जिंकणाऱ्याची सवलत पुढील शनिवारीं दोन फटक्यांनीं कमी करावयाची.

आमच्या मुलाच्या टोळींत ७९ वर्षांचे एक निवृत्त टपालवाले आहेत. हा सत्तावीस वर्षांचा, काळा-सांवळा, नवखा. ते गोरे, वृद्ध, त्याच गांवीं जन्म काढलेले. दोघांस बोलावयास विषय कोणता असणार? पण दर शनिवारीं चार तास शेजारीं चालावयाचें आणि एकमेकांचे फटके लिहावयाचे. बोलणें आपोआप आलें. गेल्या डिसेंबरांत याला ताप आला, तेव्हां दारीं भाजीचें गरम सूप घेऊन तेच आले होते. हें ऐकल्यापासून मातोश्री दर रविवारीं प्रथम त्यांची प्रकृति विचारतात.

या खेळाची दुसरी बाजूही आमच्या घरांत कोणीं झांकून ठेवली नाहीं. सूनबाईंनीं विचारलें, "बायकांना घेतात का?" उत्तर लाजिरवाणें आहे. सेंट अँड्र्यूजच्या विख्यात क्लबानें स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव २०१४ सालीं केला, आणि म्यूरफील्डच्या क्लबानें तर २०१७ सालीं. इकडे २०२१ सालीं टोकियो ऑलिंपिकमध्यें आपली अदिति अशोक चौथी आली. पदक एका पायरीनें हुकलें. इंग्रजी अमदानींत आपल्या देशांतील किती तरी क्लबांचीं दारें आपल्याच लोकांस बंद होतीं. पिशवी वाहणाऱ्या पोरांस तर मैदानावर केवळ ओझ्यापुरताच प्रवेश असे. तरीही त्याच पोरांतून दिल्लीचे अली शेर निघाले आणि १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले.

थोरल्या बंधूंचा आक्षेप पाण्याचा होता, आणि जालन्याच्या मनुष्यास तो सुचणें स्वाभाविक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला हा जिल्हा. येथें चेंडूसाठीं गवतास पाणी घालणें कोणाच्याही मनास पटणार नाहीं. वास्तविक या खेळास हिरवळ हवीच असें नाहीं. आपल्या देशांत कोरड्या मुलखांतील मैदानांवर पूर्वीं खळग्याभोंवतीं वाळू व तेल मिसळून दाबून बसवीत आणि त्या तपकिरी जागेवर उत्तम खेळ चाले. परंतु बंधूंचें म्हणणें एवढेंच होतें, कीं त्या खेळांतून आपण काय घ्यावें याचा विचार करावा; गवत तिकडेच राहूं द्यावें.

हें म्हणणें मला फार मोलाचें वाटतें. आपल्याकडे खेळाचे दोनच प्रकार उरले आहेत. एक शाळकरी मुलांचा, जो परीक्षा जवळ आली कीं बंद होतो. दुसरा दूरचित्रवाणीवरचा, जो आपण बसून पाहतों. चाळिशीनंतर गृहस्थानें खेळणें पोरकटपणाचें समजतात, आणि गृहिणीस तर चाळिशीपर्यंतही सवड नसते. घरांत तीन पिढ्या नांदतात. पण त्या तिन्ही पिढ्या बरोबरीनें भाग घेतील असें आठवड्यांत काय घडतें? आजोबा नातवाशीं खेळतात तेव्हां मुद्दाम हरतात. नातू मोठा झाला, म्हणजे तो आजोबांशीं मुद्दाम हरतो. दोघेही एकमेकांस कच्चें लिंबू करीत असतात, आणि हें दोघांसही ठाऊक असतें. सवलतीच्या वहींत मात्र कोणास कोणावर दया करावी लागत नाहीं. लहानानें जीव तोडून खेळावें, मोठ्यानेंही जीव तोडून खेळावें, आणि तरीही निकाल आधीं सांगतां येऊं नये.

म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्हीं घरीं कॅरमची साप्ताहिक स्पर्धा सुरू केली. मागील पांच रविवारांचे गुण पाहून कन्या सवलत ठरविते. जिंकणाऱ्याची सवलत पुढील खेपेस कमी होते. मातोश्री ८१ वर्षांच्या. त्यांस प्रारंभीं बारा गुणांची सवलत होती. आतां ती सातांवर आली आहे आणि त्याविषयीं त्यांची जाहीर तक्रार आहे. सर्वांत शेवटीं येणाऱ्याकडे पुढील रविवारपर्यंत लांकडी पळी राहते आणि त्यानें त्या दिवशींचा चहा करावयाचा, असा नियम आहे. शेजारच्या दोन घरांतील मंडळी येऊं लागली आहेत. वाचकहो, यास पैसा लागत नाहीं, मैदान लागत नाहीं. एक वही, एक नेमलेली वेळ आणि खरें लिहिणारा हात एवढें पुरे. कॅरम नसेल तर पत्ते, पत्ते नसतील तर सकाळचें फिरणें. सवलत सर्वांस बसवितां येते.

थोरल्या बंधूंविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे. वहिनी जाऊन तीन वर्षें झालीं. तेव्हांपासून शाळेंतून निवृत्त झालेला हा मनुष्य देवपूजा आणि वर्तमानपत्र यांपलीकडे फारसा बोलत नसे. मुलगा बोलावीत असूनही, "मी तेथें येऊन करूं काय?" म्हणून जाण्याचें टाळीत असे. गेल्या महिन्यांत मुलानें फोनवर त्या मंडळीचा पुढील कार्यक्रम वाचून दाखविला: मे महिन्यांत कॅप्टनचा दिवस, जुलैमध्यें समुद्रकांठच्या मैदानाची सहल, सप्टेंबरांत वार्षिक भोजन, आणि जूनच्या पहिल्या शनिवारीं जोडीचा सामना, त्यांत प्रत्येकानें एक पाहुणा आणावयाचा. "बाबा, मी तुमचें नांव दिलें आहे," तो म्हणाला. "नवख्यास सर्वांत मोठी सवलत, म्हणजे ५४. दर खळग्यास तीन फटके. टपालवाले आजोबाही आपल्याच टोळींत आहेत."

बंधु त्या वेळीं कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं दुपारीं परसांत टकटक ऐकूं आली म्हणून जाऊन पाहिलें, तों हातांत जुनी छत्री उलटी धरून ते मुलांचा रबरी चेंडू आडव्या ठेवलेल्या पितळी पेल्याकडे ढकलीत होते. तिकीट निघालें आहे. आमच्या कॅरमच्या वहींत पुढील रविवारच्या स्पर्धेखालीं त्यांनीं स्वतःच्या वळणदार शाळामास्तरी अक्षरांत एक नोंद केली आहे: "जूनचा पहिला शनिवार. इंग्लंड. जोडीचा सामना. सवलत ५४."